खालचा प

बाबांना कन्नड वाचता यायचं, पण उलटंच.
शिशातलं. डोकं खाली, पाय वर,
डावीकडून उजवीकडे, स्टिकमध्ये जुळवलेलं.
स्टँडवर बसची पाटी मात्र मलाच विचारायचे,
‘बघ गे, खानापूर काय हल्याळ?’

शहापुरात आमचा छापखाना, दोन केसी समोरासमोर.
अलीकडे बाबा, शट्टुप्पा पावशे, मराठीचे जुळारी,
पलीकडे बसलिंगप्पा, कन्नडचे.
मध्ये ट्रेडल. ट्रेडलच्या पायाशी मी,
सांडलेले खिळे चुंबकाने उचलू बघणारी.
शिसं चुंबकाला दाद देत नाही
हे मला शाळेच्या आधी कळलं.

बसलिंगप्पा गावच्या जत्रेला गेले
की त्यांचंही काम बाबांवर. म्हणून शिकले.
‘आमच्या अक्षरांना एकच छप्पर,’ मला सांगायचे,
‘यांच्यात जो तो आपली टोपी घालून. तलकट्टू म्हणतात.
आमचा अर्धा प शेजारी खेटतो,
यांचा दुसरा प पहिल्याच्या खाली जाऊन बसतो.
एवढासा खिळा. तो हरवला की नाव गेलं.’

मग ऑफसेट. मग केसीच्या जागी माझा कॉम्प्युटर.
शिसं किलोवर गेलं, दोन्ही लिप्या एकाच पोत्यात.
आता फॉन्ट म्हणजे यादी, मार्जिन म्हणजे आकडा,
ब्लीड म्हणजे कापायच्या रेघेबाहेर सांडू दिलेला रंग.
गिऱ्हाइकाला मी हे समजावते
तेव्हा खुर्चीतून बाबा, ‘म्हणजे वाया.’
फ्लेक्सवर कन्नड वर, मोठं.
मराठी खाली, मावेल तेवढं.
मावेल तेवढं ही साइज कुठल्याच यादीत नाही,
आमच्या गल्लीत ती रोज लागते.

परवा बसलिंगप्पांचा ईरण्णा आला, पेनड्राइव्ह घेऊन.
शिवगणाराधनेची कार्डं, दोनशे.
मी काही बोलायच्या आत म्हणाला,
‘संध्याकाळी पाहिजेत ओ, अक्का.’
फाइल उघडली तर चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन,
खिळे काढून नेलेल्या केसीच्या खणांसारखे.
फॉन्ट शोधला, टाकला, खण भरले.
मी वाचलं. ईरण्णाने वाचलं, ‘सरी’ म्हणाला.

बाबांना प्रूफ दिलं, नुसतं सवयीने.
कागद फिरवला. परत फिरवला. चष्मा पुसला.
‘सरळ आहे की गे हे. मी कसं वाचू?’

मग मी सगळं सिलेक्ट करून फ्लिप व्हर्टिकल दाबलं.
अक्षरं डोक्यावर उभी राहिली.
बाबा उठून स्क्रीनपाशी आले, हात पाठीमागे,
जुळवून ठेवलेल्या मजकुराला बोट लागू नये तसे,
आणि वाचू लागले, पुटपुटत,
तारीख, वार, मठाचं नाव,
आणि थांबले.
‘खालचा प कुठाय?’

बसलिंगप.
ओळखीचं नाव डोळा वाचत नाही, ओळखतो आणि पुढे जातो.
‘इथं वर पाहिजे होता,’ बोट काचेपासून चार अंगुळं लांब,
‘वर म्हणजे खाली.’
ईरण्णा मान तिरकी करून बघत राहिला,
त्याला त्या उलट्यात वडलांचं नावच सापडेना.

बॅकस्पेस. प, जोडायची खूण, प.
कीबोर्डवर दोन्ही प एकाच बटणात.

पैसे विचारले तर बाबा म्हणाले, ‘कागदाचे दे.
जुळणीचे नकोत.’
‘जुळणी म्हणजे?’ ईरण्णा मला हळूच.
मी प्रिंटरचा आवाज सुरू झाल्यासारखं केलं,
मग तो खरंच सुरू झाला.

दोनशे कार्डं बांधून तो गेला.
स्क्रीनवर ती उलटी फाइल तशीच. मी बंद करणार तर
‘राहू दे गे,’ बाबा स्टूल ओढत म्हणाले,
‘नातवंडांची नावं वाचायची राहिलीत.’