सोळा टॅपेट

निपाणीहून ती टेम्पोवर चढून आली.
तंबाखूच्या वखारीत बावीस वर्षं
ताडपत्रीखाली उभी होती.
उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये बॉनेट उघडलं
तर आधी जर्दा नाकात गेला
आणि मग, बऱ्याच वेळानं, तेल.

इरगौडा म्हणाला, बाबांची शेवरोले.
पुढं काही बोलेना.
मग म्हणाला, जोर वाढवून द्या जरा,
सांबऱ्याच्या रस्त्याला एकदा पळवून बघायचीय.

जोर कॅममध्ये असतो.
पिस्टन नुसते ये-जा करतात;
दार कधी उघडायचं, किती, कुठवर धरायचं
हे त्या दांड्यावरचे उंचवटे ठरवतात.

पायाप्पांना ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं फोर्जिंगचा घण कानाशी होता.
बॅटरी जोडून गाडी कशीबशी सुरू केली
तेव्हा त्यांनी नुसता तळहात ठेवला कव्हरवर.
"तंगी, सातव्याचा एक्झॉस्ट मेलाय बघ."

रेडिएटर काढला, चेन काढली, मॅनिफोल्ड उचलला.
खाली खोबणीत सोळा टॅपेट, काळ्या गाळात गळ्यापर्यंत,
आणि तंबाखूच्या पानाची एक शीर,
जशीच्या तशी.

अंड्यांचा ट्रे आणला होता.
एकेक टॅपेट काढायचा, पुसायचा,
आपापल्या खळग्यात ठेवायचा, कडेला पेन्सिलीनं आकडा.
पायाप्पा बोटं मोडत मोजत होते कानडीत,
मी लिहीत होते मराठीत,
आणि एकदाही चुकलं नाही.

सातव्याचा तळ वाटीसारखा खोल निघाला.
बाकीच्यांत माझा चेहरा दिसत होता, छोटा आणि वाकडा.

"जुन्याला जुना, नव्याला नवा," पायाप्पा म्हणाले.
"पैसे वाचवायला गेलीस
तर अर्ध्या तासात दोघांचा भुगा."
इतकी वर्षं एकाच उंचवट्यावर घासत राहिलेलं लोखंड
दुसऱ्याशी जमवून घेत नाही.

नवा कॅम आमच्याच ग्राइंडरवर उतरवला.
उंचवट्यांना डोळ्याला न दिसणारा उतार दिला.
साफ सपाटीवर टॅपेट फिरत नाही
आणि जो फिरत नाही तो एकाच जागी झिजतो.

तोंडाला लांब बोल्ट लावून तो आत सरकवला.
"निधान, निधान," पायाप्पा माझ्या मनगटाला म्हणत होते.
बेअरिंगला कुठं धक्का नाही.
ठिपक्यासमोर ठिपका आला. चेन चढली.

पहिले वीस मिनिटं थांबू द्यायचं नसतं.
दोन हजारावर धरून ठेवायचं, खाली आलं की संपलं.
मी म्हटलं, पाय तुम्ही ठेवा.
इरगौडा बाबांच्या सीटवर बसला,
सीट मागं न सरकवता, गुडघे स्टिअरिंगला टेकवून,
आणि वीस मिनिटं समोरच्या भिंतीकडं बघत राहिला.
धूर आधी निळा, मग पांढरा, मग नाहीच.

मग पाय काढ म्हटलं.

आणि ती उभ्या जागी हलायला लागली.
धडक, जरा थांबून धडक,
मडगार्डवरचा पाना सरकत सरकत खाली पडला.
मोठ्या कॅमची चाल अशीच असते,
वेगात गेली की गप्प होते, हे मी सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा बॉनेटवर चहाचा कप ठेवायचे.
चालू गाडीवर."

यावर मला काही सुचलं नाही.

पायाप्पांचा हात अजून कव्हरवर होता,
डोळे मिटलेले, ओठ हलत होते,
ओंदु, एंटु, नाल्कु, मूरु,
आरु, ऐदु, एळु, एरडु,
ज्या क्रमानं आग लागते त्या क्रमानं,
परत परत.

निघताना इरगौडानं ट्रे मागितला, जुना कॅमही.
हे परत बसेल काय?
बसेल, म्हटलं. सातवं सोडून.
पण क्रम हलवू नका.

शेजारच्या सीटवर ट्रे ठेवून
त्यानं त्याला शाल गुंडाळली
आणि खानापूर रोडला लागला, एकदम हळू,
दुसऱ्याच्या वर गिअर न टाकता.