परिच्छेद सात

दोहा. मे महिना.
रात्री अकरालाही बाहेर छत्तीस, आत अठरा.
मी छपाईच्या खोलीत. कागद कोमट आहे
तोवरच वाटायला न्यायचे असतात.

परिच्छेद सातची ही अकरावी प्रत.
ज्यावर एकमत नाही तो शब्द चौकटी कंसात,
त्यामुळे पान असं दिसतं
की वादळाआधी खिडक्यांना फळ्या ठोकल्यात.
'नुकसान' कंसात. 'भरपाई' दुहेरी कंसात.
'ऐतिहासिक' तर संध्याकाळपासून
दोनदा मेला, एकदा उठून बसला.

सगळं भांडण एका क्रियापदाचं:
पैसे देतील, की द्यावेत.

राजापूरच्या शाळेत मोहिते बाई
फळ्यावर लिहायच्या:
देतात, स्वार्थ. द्या, आज्ञार्थ.
द्यावेत, विध्यर्थ. दिले असते तर, संकेतार्थ.
आम्ही पहिल्यालाच हसायचो.
बाई म्हणायच्या, हसू नका,
स्वार्थ म्हणजे क्रियापदाचा स्वतःचा अर्थ, दुसरं काही नाही.
बाई, इथे दुसरंच आहे.
ज्यांच्याकडे आहे त्यांना विध्यर्थ हवाय.
ज्यांचं बेट बुडतंय त्यांना साधा भविष्यकाळ.

आपल्याकडचे साहेब झकास बोलले.
धूर कुणी केला, किती वर्षं केला,
मीही प्रती मोजता मोजता मान डोलावली.
मग पान उलटलं, कोळसा आला,
आणि साहेबांनी हळूच
एक कंस मागितला.
तो मीच छापला.

लोसालिने बाईंच्या देशाचे इथे दोघंच.
दुसऱ्याला ताप आलाय.
बैठका एकाच वेळी नऊ खोल्यांत.
चपला हातात घेऊन त्या माझ्या दारात:
"आमचा शब्द कुठल्या खोलीत कापतायत?"
मला माहीत असतं. कागद सगळे माझ्याच हातून जातात.
सांगायची परवानगी नाही.
मी गठ्ठा लावताना
चार नंबरची प्रत वर ठेवली
आणि टोनर बदलायला वाकलो.
उठलो तेव्हा दारात कुणी नव्हतं.

पहाटे कंस गेले. नुकसान राहिलं, भरपाई गेली.
क्रियापद: द्यावेत.
खालच्या तळटिपेत लोसालिने बाईंच्या देशाची हरकत,
सर्वांत बारीक टाइपात,
पण आहे. मी दोनदा वाचली.

खिमबहादूर झाडू घेऊन आला.
औद्योगिक वसाहतीची त्याची बस साडेपाचला.
"काय ठरलं?"
पुढच्या वर्षी ठरवायचं ठरलं.
तो हसला नाही. त्यानं गठ्ठ्यावर हात ठेवला:
सगळं एकाच बाजूनं छापलेलं, मागची बाजू कोरी,
मुलगी दुसरीत आहे, महिन्याभरात घरी जातोय,
नेऊ का?

नियम असा की उरलेलं सगळं कातरयंत्रात जावं.
मी म्हटलं, घे.