विहिरीवरची बाई

विहिरीवरचा पंप गेला गणपती उलटल्यावर,
तेव्हा भाच्याने पुण्याहून चार कॅमेरे धाडले,
थर्माकोलात बसवलेले, डोळे मिटल्यासारखे.
कागद चिनी. चित्रं मात्र कळण्याजोगी.

नावेद मुकादम केबलवाला, शिडी घेऊन आला.
भिंतीवर टिचकी मारली.
"पोस्टबाई, जांभा हाय, दीड हाताचा.
ह्यातून वायफाय नाय जायाचा. वायर ओढू."
पडवीच्या वाशाखालून, न्हाणीच्या पन्हळीवरून
निळी वायर गोठ्यापर्यंत गेली.
गोठ्यात गुरं नाहीत. आता स्विच आहे.
हिरवे दिवे लुकलुकतात,
आणि उबेला एक पाल येऊन बसते.

चारही दिसले. अंगण, मागचं दार, माडांची रांग, विहीर.
नावेद चहा पिऊन गेला.
संध्याकाळी सातला विहीर गेली.
मी बाहेर जाऊन पाहिलं, जागेवरच होती.
दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला.
शिडी आली, पिन बदलली,
खाऱ्या वाऱ्यावर खापर फुटलं,
मग मुंग्यांवर, मग चिनी लोकांवर.

चौथ्या दिवशी माझ्याच लक्षात आलं.
सातला मी बातम्या लावते.
टीव्ही लावला की विहीर बुडायची,
टीव्ही बंद केला की वर यायची.

छत्तीस वर्षं मी आंजर्ल्याच्या पोस्टात काढली.
पूल नव्हता तेव्हा थैली तरीवरून यायची,
भिजलेली, कोपऱ्याला माशांचा वास.
पत्ते असायचे:
सुरूच्या बनापलीकडे, शिवराम पावशाच्या शेजारी, पोहोचते करणे.
शिवराम जाऊन सात वर्षं झाली तरी पत्र बरोबर पडायचं.
घोळ व्हायचा तो फक्त
एका नावाची दोन माणसं एका वाडीत निघाली की.

म्हणून रात्री चष्मा लावून बसले.
राउटरच्या पोटाखालचा कागद झुरळांनी अर्धा खाल्लेला,
ओ की शून्य, कळेना. दोन्ही करून पाहिलं. शून्य.
आत यादी होती.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक,
पुढे वीस.
वीस नंबर टीव्हीला राउटरने दिलेला.
वीस नंबर विहिरीला नावेदने हाताने लिहिलेला,
राउटरला न सांगता.
म्हणजे वाटप झालं, वहीत नोंद नाही.
आमच्याकडे यावर मेमो निघायचा.

मी नोंद केली. विहीर, एकशे वीस, कायमची.
सगळं बंद करून चालू केलं
आणि बातम्यांच्या बाईशेजारी, फोनवर,
विहीर स्वस्थ उभी राहिली.

सकाळी रेकॉर्डिंग पाहिलं.
तीन दहाला हालचाल.
एक बाई, राखाडी, वरून दिसणारी,
भांग रुंदावलेला, एका हातात बॅटरी,
दुसरा हात कमरेवर.
शेवाळ्यावरून चालावं तसे पाय टाकत
कठड्यापाशी आली, वाकली, थांबली.
अंगावर काटा आला माझ्या. चोरटीच ही.
मग तिने मान वर केली, थेट माझ्याकडे,
कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलाय ना ते बघायला.

मी भरभर चालते असं मला वाटायचं.

नऊ वाजता भाच्याचा फोन.
"आत्या, रात्री तीनला विहिरीवर काय करत होतीस?"
त्यालाही दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं.
म्हणजे खोक्यावर असेल लिहिलेलं, चिनीत.
काय सांगणार? पंप बघायला गेले होते.
पंप नाहीये तिथे, आत्या.
हो, माहितेय.

छत्तीस वर्षांत किती पोस्टकार्डं हातातून गेली,
उघडी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.
मी वाचली नाहीत.
एक सोडून.

दुपारी पासवर्ड बदलला. शून्य ठेवलं नाही त्यात.
भाच्याला कळवलं, नेट गेलंय, खाडीकडे काहीतरी काम चाललंय.
चोर काही सापडलेला नाही.
रोज सव्वातीनला एक उदमांजर कठड्यावरून जातं,
शेपटी पाण्याकडे सोडून, कधी पाच मिनिटं उशिरा.
त्याची वेळ मी वहीत लिहिते.
शेजारच्या रकान्यात माझी.