अंजनी, नग बारा

पंचनाम्यात लिहिलंय :
अंजनी, नग बारा, ओली, साल न काढलेली.
खाली अब्बांची सही. अंगठा नाही, सही.
इनूस धावड,
'ड'चं पोट जरा जास्तच मोठं.

आमच्या आडनावातली भट्टी विझून
किती पिढ्या झाल्या कोण जाणे.
महाबळेश्वरात घरामागे अजून काळं कीट पसरलंय,
शेळीचा खूर लागला की किणकिणतं.
त्यावर काही उगवायचं नाही, म्हणायचे.
एका अंजनीनं ते ऐकलं नाही.

अंजनी म्हणजे धड झाड नव्हे, धड झुडूपही नव्हे;
वाकडी, गाठाळ, वाऱ्याला पाठ देऊन उभी.
पानं जाड, मेणचट, गुरं तोंड लावत नाहीत.
वर्षभर कुणी वळून बघत नाही.
शिमगा सरला की मात्र
फांदीच्या अंगालाच फुलं फुटतात,
लांब देठबिठ काही नाही.
फवारणीचं मोरचूद
कुणी धसमुसळ्यानं सांडावं
तशी खोडापर्यंत निळी.

तेव्हा अब्बा कोयता लावायचे नाहीत.
"पोटुशी आहे," म्हणायचे.
त्या वर्षी हंगाम तोंडावर आणि काठ्या संपलेल्या;
पुण्याच्या म्हाताऱ्यांना आर्थरसीटपर्यंत जायला
तिसरा पाय लागतो.
कळ्या दिसत होत्या.
अब्बांनी त्या न दिसल्यासारखं केलं.
क्षेत्राच्या उतारावर पार्टे गार्डानं धरलं.

मोळी जप्त. रेंज ऑफिसच्या कोपऱ्यात,
वणव्याच्या झाडण्या आणि एका मोडक्या बोर्डाशेजारी.

तिसऱ्या दिवशी पार्टे स्वतः घरी आला.
टोपी काखेत. चहा नको म्हणाला, मग प्याला.
"इनूसभाई, जरा चला."
मीही गेलो मागोमाग. मला काय, शाळा बुडाली.

बारा काठ्या. मुळं नाहीत, पाणी नाही,
भिंतीला टेकून फुललेल्या.
फायलींवर निळा भुगा.
दोन मधमाश्या खिडकीतून आत आलेल्या,
तारखेच्या शिक्क्यावर बसायच्या, उठायच्या.
साहेब दौऱ्यावर होते.
शिपायानं केर काढायचा ठेवला होता.

अब्बांनी एका काठीवरून अंगठा फिरवला,
गिऱ्हाइकाला देताना फिरवायचे तसा,
आणि अर्ध्यात काढून घेतला.
मग विचारलं, दंड किती?

आता माझ्या दुकानात काठ्या ट्रान्सपोर्टनं येतात,
सहारनपूरच्या, मुठीला पितळी घोडा.
गिऱ्हाईक विचारतं, मजबूत आहे ना?
मी म्हणतो, आहे. खोटं नाही ते.
अंजनी घासून गुळगुळीत केली
की हाताला लोखंडासारखी गार लागते,
हे सांगून काय उपयोग, विकायला नाही.

पार्टे रिटायर होऊन मेढ्याला राहतात.
शिमग्यानंतर एकदा फोन येतो.
गुडघे, नातीचं लग्न, पाण्याची बोंब.
शेवटी, सहज विचारल्यासारखं :
"आली का रं?"

मी मागच्या दारानं कीटावर जातो,
फोन कानाला तसाच.
पायाखाली किणकिण होते,
ती मेढ्यापर्यंत ऐकू जात असावी.
"ठेवू नको," म्हणतात.