घाण्यावरचा बोका

आधी मुंग्यांना कळलं.
घाण्यामागच्या राखेच्या ढिगात
पेडवा जिथे उकरून बसायचा
तिथे तांबड्या मुंग्यांची रांग,
गुळाच्या ढेपेला लागावी तशी.
मी राख चाळून पाहिली. गूळ नव्हता.

मग पाणी.
बैल गेला, मोटर आली, दोण तेवढी राहिली होती,
तिच्यातलं पिऊ लागला, मान वर न करता,
लपलप, लपलप, रात्रीसुद्धा.
मागचे पाय टाचेपर्यंत टेकून चालायचा,
ओल्या वाळूतून म्हातारा चालावा तसा.
सहा किलोचा बोका
तेल निघाल्यावर पेंड उरते, तसा उरला.

शिरोड्याच्या बाजारात अक्कल फुकट मिळते.
इनास म्हणाला, "खोबरेल घाल रे, चमचोभर.
साखर आपसूक खाली येता."
मिठागरावरची सत्यवती म्हणाली,
"तेलाचो धनी तू, आणि माका इचारतस?"

खरंच की.
एकेचाळीस वर्षं मी हेच सांगून विकतोय:
केसांना, सांध्यांना, भाजल्याला,
बाळंतिणीच्या पाठीला, बाळाच्या टाळूला.
दुकानाच्या पाटीवर माझ्याच हातचं अक्षर,
'शुद्ध खोबरेल. सर्व विकारांवर.'
सर्व म्हणजे सर्व. मांजर त्यात आलंच.

अकरा दिवस घातलं.
पहिल्या धारेचं, कोमट, बांगड्याच्या डोक्यावर.
त्याला आवडायचं, हे खोटं नाही.
मिशांवर थेंब घेऊन असा बघायचा
की मलाच बरं वाटायचं.
बाराव्या दिवशी ओकला
आणि तिथेच आडवा झाला, डोळे उघडे.

सावंतवाडीचे डॉक्टर आरोंदेकर वयाने माझ्या भाच्याएवढे.
कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब घेतला,
यंत्रावर आकडा आला.
मी विचारलं, तेल कमी पडलं का?
ते हसले नाहीत, हे मी विसरणार नाही.
म्हणाले, काका, तेल म्हणजे तेल.
त्याच्या पोटाला जड, काळजाला जड,
आणि साखरेची न् त्याची ओळखसुद्धा नाही.
इन्सुलिन द्यायचं. दोन वेळा. भात बंद.

तेव्हापासून सकाळी सात, संध्याकाळी सात
घाणा थांबतो.
मानेमागची कातडी चिमटीत धरायची असते.
माझे हात तेलकट, कातडी सुळकन निसटते.
म्हणून आयुष्यात पहिल्यांदा
भर कामातून उठून साबणाने हात धुतो,
तिघांच्या बारशाला धुतले नसतील एवढे.
वीज गेली की औषधाची बाटली
पिशवीत बांधून माठाच्या गारव्याला ठेवतो
आणि दर घटकेला हात लावून बघतो.
बायको म्हणते, माझ्या तापात
एवढ्यांदा कपाळाला हात लावला नव्हता.
मी काय बोलणार?

परवा आरवलीचं गिऱ्हाईक आलं,
"ह्या तेलान डायबेटीस जाता मां?"
पूर्वी मी मान हलवायचो,
हो आणि नाही यांच्या बरोबर मधोमध.
या वेळी म्हणालो, भाजीला छान लागतं.
त्याने अर्धा लिटरच घेतलं.

पाटी खरवडायला काढली आहे.
तेलरंग आहे, मुकाट्याने सुटत नाही.
'सर्व' गेलं.
'विकारांवर' अजून तिथेच आहे,
येणारे-जाणारे वाचतात आणि बुचकळ्यात पडतात.

पेडवा अजून टाचांवरच चालतो,
पण दोणीकडे कमी जातो.
सुई झाली की माझ्याकडे पाठ करून बसतो, रागाने,
मग थोड्या वेळाने कोपराजवळ येतो.
साबण माझा मनगटापर्यंतच पोचतो,
वर सगळं जुनं तेल, कातडीत मुरलेलं.
तो चाटतो.
एकदा चाटू देतो.
दुसऱ्यांदाही.
मग म्हणतो, पुरे रे आता,
आणि हात तसाच राहतो, थोडा वेळ.