घासायचं नाही

गाडी घेतली तेव्हा मी अठ्ठावन्नची.
ग्रॅच्युइटीचे पैसे, रंग गडद निळा.
शोरूममधला मुलगा म्हणाला, मॅडम, यावर डाग लगेच दिसतात.
दिसू देत, म्हटलं. बँकेत बत्तीस वर्षं
लोकांच्या सह्या तपासल्यात मी.

एरंडवण्यात सावली फुकट मिळत नाही.
पार्किंगच्या सोडतीत मला आला उंबराखालचा कोपरा.
पहाटे तांबट, मग बुलबुल, साळुंक्या,
उन्हं चढली की कोकीळ.
सगळे पोटभर जेवतात
आणि हिशेब माझ्या बॉनेटवर मिटवतात:
पांढरा, मध्ये काळपट,
आत उंबराच्या बियांची कचकच.

पहिला डाग मी घासला.
कोरड्या फडक्यानं, करपलं पातेलं घासावं तसा.
डाग गेला, त्याच्या जागी
केसाएवढ्या रेघांचं जाळं राहिलं.
दुसरा मग भीतीनं तसाच ठेवला.
मे महिन्यातली चार दुपारची उन्हं त्याच्यावरून गेली.

भवानी पेठेत मुश्ताक तांबोळींनी
आधी डागाला हातच लावला नाही.
ट्यूबलाइट तिरकी धरून वाकले,
डॉक्टर घसा बघतात तसे.
"ताई, रंग उन्हात फुगतो, रात्री आक्रसतो.
हे वर वाळून बसलेलं. रंग त्याच्याभोवतीच आवळला जातो.
तुम्ही पुसता, घाण निघते. साचा राहतो."

दोन हजार नंबरचा कागद, साबणाच्या पाण्यात मुरवलेला.
त्यांचा हात कागदावर जवळजवळ नव्हताच.
निळ्यावर दुधट पाणी ओघळलं, मी घाबरले.
"हा वरचा पारदर्शक थर. खड्डा बुजत नाही, ताई,
आजूबाजूचं हळूहळू त्याच्या पातळीला आणायचं."
हे वाक्य मी घरी घेऊन आले.
बिलात त्याचे पैसे नव्हते.

एक मात्र खोल निघाला, डाव्या अंगाला.
"अजून उतरलो तर खालचा रंग उघडा पडेल. राहू द्या."
राहिला.
आंब्याच्या कोयीएवढा, फक्त साडेचारच्या उन्हात दिसतो,
तेही कुठे उभं राहायचं ते माहीत असेल तर.

आता डिकीत पाण्याची बाटली
आणि आप्पांच्या जुन्या धोतराचे चार तुकडे.
ओलं फडकं डागावर पसरायचं,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसं,
आणि दहा मिनिटं काही करायचं नाही.
हे सगळ्यात अवघड.
पहिले काही दिवस मी फोन बघितला.
मग एकदा वर बघितलं.
तांबट ठोकत होता, टुक, टुक, टुक,
तांबट आळीतली ऑर्डर अर्धी टाकून आल्यासारखा,
आणि प्रत्येक ठोक्याला त्याची शेपटी हलत होती.
वीस वर्षं या झाडाखालून मी घाईनं गेले होते.

चौथ्या मजल्यावरचे खर्शीकर म्हणाले, फांदीच छाटू.
गच्चीवर त्यांनी प्लॅस्टिकचं घुबड बसवलंय,
त्याच्या डोक्यावर साळुंकी बसते.
पालिकेला अर्ज तयार आहे, फक्त तुमची सही.
सही म्हटल्यावर मी सवयीनं म्हटलं, वाचून देते.
अर्ज अजून फ्रिजवर आहे, विजेच्या बिलाखाली.

गणपतीनंतर मेण लावायला पुन्हा भवानी पेठ.
मुश्ताकभाईंनी बॉनेट उघडलं आणि थांबले.
काचेच्या खालच्या पन्हळीत, कुजलेल्या पाचोळ्यात,
वीतभर नाही, चार बोटं उंच,
दोन पानं पुरती, तिसरं उलगडत होतं.
"हे आलंय, ताई. उपटू?"
मी म्हटलं, घासायचं नाही.
ते हसले. खिळ्यानं माती सैल करून
मुळासकट काढलं, ओल्या फडक्यात दिलं.

आता ते श्रीखंडाच्या डब्यात आहे, खिडकीत.
लिफ्टमध्ये खर्शीकरांनी विचारलं, कुठून आणलंत?
आणलं नाही, म्हटलं. गाडीला आलं.

आज सकाळी बॉनेटवर ताजे तीन.
बाटली काढली.
सात वाजले होते, ऊन अजून गच्चीवरच होतं.