परदेशी दर

आम्ही चौघी. अश्दोदच्या एकाच इस्पितळात
तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या.
कुणाचा नवरा गेला, कुणाचा नुसताच निघून गेला,
सगळं पहाटे साडेचारला
कागदी पेल्यातल्या कॉफीवर बोलून झालेलं.
निवृत्त झालो तेव्हा ठरलं, परदेशी जायचं, मोठ्या शहरात.
ओर्नाला हवं होतं प्राग, डालियाला लिस्बन,
रिव्काला कुठंही, फक्त लिफ्ट हवी.
चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली.
माझी जरा जाड कागदाची होती,
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कुलाब्यातलं हॉटेल, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
बाल्कनीत ओर्नाचे मोजे, समोर कावळा.
इथं मी तिघींची जीभ.
डालिया म्हणते, विचार, ह्या भाजीत काय आहे आणि का आहे.
रिव्का म्हणते, विचार टॅक्सीवाल्याला, मुलं किती, शिकतात का.
मी विचारते.
माझी मराठी आईची.
चौसष्ट साली आगबोटीत चढताना
तिच्या ट्रंकेत मावली तेवढी.
पुढे तिच्यात भर पडली नाही, वापरून झिजली मात्र.

खाली काउंटरवरच्या पोराला म्हटलं,
बाळा, बंब तापला असेल तर सांग, अंघोळी राहिल्यात.
तो उभाच राहिला. बंब?
आग लागली का, मॅडम?
तिघी विचारत होत्या काय झालं, काय झालं,
आणि मला हसू आवरेना, सांगता येईना.
हा विनोद हिब्रूत नेईपर्यंत पाणी गार झालं असतं,
तसं ते गारच होतं.

धक्क्यावर विचारलं, घारापुरीचा मचवा कधी सुटतो?
लाँच, मावशी. लाँच म्हणायचं.
लाँचमध्ये ओर्ना ओकली,
रिव्कानं तिची नाडी धरली, सवयीनं,
घड्याळाकडे बघत.

वर, पायऱ्या संपतात तिथं, खिडकी.
भारतीय चाळीस, परदेशी सहाशे.
आत बाई, चष्मा दोरीला, मांडीवर उघडा डबा.
चार द्या, म्हटलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मागे सावलीत बसलेल्या
तीन गोऱ्या, घामाघूम म्हाताऱ्यांकडे.
तुमचं आडनाव?
झिराडकर.
म्हणजे अलिबागकडचे.
हो. घाणा होता आमचा. शनिवारी बंद.
अगं बाई, शनवार तेली! आमच्या शेजारी होते की, चौलला.
तीन सहाशेची फाडली तिनं आणि एक चाळीसचं,
मला न विचारता.

पर्समध्ये निळा पासपोर्ट होता.
बोलायला हवं होतं.
मी म्हटलं, तुमची भाजी गार होतेय,
आणि तिकिटं घेतली.

चाळीसचं मधे घातलं, पत्त्यांत दुर्री लपवावी तसं.
पण हिशेब डालियाकडे. तिनं एकेक उलगडून पाहिलं.
हे काय?
मी सांगितलं. लाज वाटत होती
आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आनंदानं.
डालिया काही बोलली नाही.
वहीत बेरीज केली, चारानं भागलं.
प्रत्येकी चारशे साठ, म्हणाली.
तीस वर्षं प्रत्येक बिल असंच मोडत आलोय,
आज कशाला बदलायचं?
तेवढ्यात माकडानं रिव्काची बाटली पळवली
आणि विषय संपला.

रात्री दिवा मालवल्यावर
पलीकडच्या पलंगावरून तिचा आवाज,
तुझ्या आईची गल्ली राहिली.
उद्या, म्हटलं.
चार दिवस उद्याच म्हणतेयस.
पंखा खडखडत होता.
मग ती म्हणाली, उद्या खरंच जाऊ.
तिथं तुला काय दर लागेल?

माहीत नाही, म्हटलं.
विचारावं लागेल.